सक्तीची धान्यवसुली : कम्युनिस्ट देशांतल्या शेतकऱ्यांनी दिवस कसे काढले?

मंगळवेढ्याचा नातू :
आजोबा लेव्हीच्या ज्वारीबद्दल फार बोलायचे. जमिनीच्या हिशेबानं पोती घालायची, भाव सरकार देईल तो. काही घरांनी पेवाच्या तोंडावर कडब्याची गंज रचली होती म्हणे. सध्या युक्रेन आणि हंगेरीबद्दल वाचतोय. कम्युनिस्ट राजवटीत पिकलंच नाही तर लोक काय करायचे? धान्य लपवता यायचं का?

निवृत्त मास्तर, सोलापूर :
लपवायचे, पण टिकायचं नाही. १९३२-३३ च्या हिवाळ्यात युक्रेनमध्ये वसुलीची पथकं लोखंडी सळया घेऊन घरोघर फिरली. अंगणात, भिंतीत, गंजीत सळई खुपसून बघायची. आपलं पेवसुद्धा तिथं सापडलं असतं. ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानं सामुदायिक शेतातली कणसं वेचणाऱ्याला दहा वर्षांची कैद किंवा थेट गोळी. जानेवारी १९३३ मध्ये तर गाव सोडून जायलाही बंदी घातली. लाखो माणसं उपाशी मेली. ज्या घरात गाय उरली, ते घर पुष्कळदा तगलं. बायकांनी लग्नाच्या अंगठ्या आणि गळ्यातले क्रूस तोर्गसिन नावाच्या सरकारी दुकानात देऊन पीठ आणलं. सोनं घेऊन पीठ विकणारं सरकार तेच, आणि धान्य उचलून नेणारंही तेच. मला याचा आजही संताप येतो.

बार्शीची सून :
मास्तर, बियाण्याचं काय? आमच्या सासूबाई उपाशी राहतील, पण बियाण्याच्या गाडग्याला हात लावू देणार नाहीत.

निवृत्त मास्तर, सोलापूर :
ताई, मुळावर घाव तिथंच बसला. हंगेरीत धान्य घराच्या माळ्यावर ठेवत. १९५२ साली पीक बुडालं, तरी माळे अक्षरशः झाडून नेले, बियाणंही सोडलं नाही. साधारण ३५ एकरांच्या वर जमीन असली की ‘कुलाक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी, म्हणून यादीत नाव आणि वसुली जास्त. आपल्या कोरडवाहू भागात ३५ एकरवाल्याला कोण श्रीमंत म्हणेल? भरणा पुरा करायला लोक बाजारातून चढ्या भावानं धान्य विकत घेऊन सरकारला घालत. डुक्कर कापायला परवाना लागे आणि चरबीचा वाटा द्यावा लागे, म्हणून रात्री, आवाज न करता, चोरून कापत. कित्येकांनी तर जमीनच सरकारला देऊन टाकली आणि पोरं कारखान्यात धाडली.

मोहोळचा शेतकरी :
जमीन सोडली? आमच्याकडं बांधावरनं भावाभावांत वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. केवढा जाच असंल मग.

निवृत्त मास्तर, सोलापूर :
होय. रशियात घरामागच्या वाडग्यावरसुद्धा दूध, अंडी, मांस असा वसुलीचा वाटा होता. कोंबडी नसली तरी अंडी द्यायची, मग ती शेजाऱ्याकडून घ्या नाहीतर बाजारातून. युद्धानंतर फळझाडांवर इतका कर बसला, की लोकांनी हातानं लावलेली सफरचंदाची झाडं तोडली. वाडग्यावरची ती सक्ती १९५८ मध्ये उठली. हंगेरीत १९५६ च्या उठावात वसुली रद्द झाली, आणि उठाव चिरडल्यावरही नव्या सरकारनं ती परत लादली नाही. पोलंडमध्ये बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्याच नावावर होती, तरी तिथली सक्ती पूर्ण संपायला १९७२ उजाडलं.