फुल्ली ऑटो मशीन घेतलं तरी रिपोर्ट उशिराच, सॅम्पल कुठल्या क्रमाने लावायचे?

तालुका_लॅब
नमस्कार मंडळी. आमची तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब आहे, आधी सेमी ऑटोवर काम चालायचं, आता २०० टेस्ट पर अवरचं फुल्ली ऑटो बायोकेमिस्ट्री मशीन घेतलंय, सेल काउंटर आणि थायरॉईडचं मशीन वेगळं आहे. वाटलं होतं बारापर्यंत सगळे रिपोर्ट हातात पडतील पण तसं काही होईना. सकाळी फास्टिंगवाल्यांची गर्दी, मग अकराला दोन कलेक्शन सेंटरचे डबे एकदम येतात, नेमके तेव्हाच पीपीचे (जेवणानंतरच्या शुगरचे) सॅम्पल आणि त्यातच शेजारच्या हॉस्पिटलमधून अर्जंट क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि पोटॅशियम. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. खेड्यावरून आलेली माणसं रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून दुपारच्या एसटीने परत जाणार असतात, रिपोर्ट नाही मिळाला तर परत एक खेप, परत एक मजुरी बुडाली, हे बघवत नाही हो. टेक्निशियन दोघंच आहेत. सध्या पेशंट ज्या नंबरने आला त्याच नंबरने लावतो. अर्जंट मध्ये घातलं की बाकीचे किती मागे पडतात? प्रोफाइल (एकाच माणसाच्या बऱ्याच टेस्ट) आधी लावायचं की सुटी शुगर? दुसरं मशीन घेणं सध्या तरी शक्य नाही.

सिरम_सेपरेट
दादा आधी मशीनचं गणित बघा. २०० टेस्ट पर अवर म्हणजे दर १८ सेकंदाला एक टेस्ट पिपेट होते (मशीन सॅम्पल उचलून लावतं). एलएफटी (लिव्हर), केएफटी (किडनी), लिपिड (रक्तातली चरबी), शुगर मिळून एका माणसाच्या २० टेस्ट धरल्या तर तासाला १० पेशंट, बस. म्हणजे सकाळी सहा फुल प्रोफाइल ओळीने लावली की मागे उभ्या असलेल्या सुट्या शुगरवाल्याचा अर्धा तास उगाच गेला, आणि त्याचं काम किती, तर १८ सेकंदाचं. दहा सुट्या शुगर तीन मिनिटात पिपेट होतात आणि पुढच्या दहाएक मिनिटात रिझल्ट येतात. त्यामुळे छोटी कामं आधी. अर्जंटला तर घाबरूच नका, क्रिएटिनिन एक सायकल (तेच १८ सेकंद) खाणार, पोटॅशियम आयएसईवर (क्षार मोजणाऱ्या वेगळ्या भागावर) जाणार, बाकीच्यांना कळणारही नाही.

पण माझ्या मते तुमचा वेळ मशीनवर जातच नाहीये, तो मशीनच्या आधी जातोय. प्लेन बल्ब (रक्ताची साधी नळी) अर्धा तास गोठायला, मग सिरम वेगळं करायला दहा मिनिटं सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचा, आणि बहुतेक लॅबमध्ये सेंट्रीफ्यूज पूर्ण भरेपर्यंत थांबतात. तिथे थांबू नका. चारच ट्यूब असल्या तरी बॅलन्स करून ठरलेल्या वेळी फिरवा, दर वीस मिनिटांनी म्हणा. आणि क्यूसी (मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी) पेशंट यायच्या आधी उरकलं पाहिजे, गर्दीत कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) बाहेर गेला तर कॅलिब्रेशन (मशीन परत जुळवणं) करून परत क्यूसी, तोवर एकही रिपोर्ट सोडता येत नाही.

हॉस्पिटल_लॅब_ताई
वरच्या दादांचं पटलं. अर्जंटसाठी एक सांगते, लिथियम हेपरिनचा (रक्त गोठू न देणारा) बल्ब ठेवा, गोठायची वाट बघायला लागत नाही, घेतला की लगेच फिरवता येतो, तिथेच अर्धा तास वाचला.

कलेक्शन सेंटरचं मात्र जपून करा. डबे अकराला येत असतील तर त्यातलं रक्त आठला काढलेलं असणार. न फिरवलेल्या साध्या बल्बमध्ये शुगर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. फ्लोराइडच्या बल्बमध्ये (खास शुगरसाठीचा) ती पुढे थांबते हे खरं पण पूर्ण असर यायला तास-दोन तास जातात, सुरुवातीला थोडी उतरतेच. आणि बऱ्याच ठिकाणी काळजीपोटी न फिरवलेलं सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवतात, ते अजिबात नको, थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर येऊन खोटं वाढतं. सेंटरवर छोटं सेंट्रीफ्यूज ठेवा, तिथेच सिरम वेगळं करून पाठवा आणि रनरच्या (सॅम्पल आणणाऱ्या माणसाच्या) एका फेरीच्या दोन करा, साडेनऊ आणि अकरा. एपीटीटी (रक्त गोठायच्या वेळेची टेस्ट) असेल तर तो पहिल्याच फेरीत, चार तासांच्या आत झाला पाहिजे.

अजून एक, लिपेज (स्वादुपिंडाची टेस्ट) लावत असाल तर ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलच्या रिएजंटमध्येच (टेस्टच्या रसायनात) लिपेजसारखी एन्झाइम असतात, प्रोबवरून (मशीनच्या उचलणाऱ्या सुईवरून) गेली तर लिपेज खोटा वाढतो. मशीनमध्ये जादा वॉशची सेटिंग असते ती चालू आहे का बघा, नाहीतर लिपेज लिपिडच्या आधी.

तालुका_लॅब
ताई, दोन फेऱ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच रनरशी बोलतो. पण छोटी कामं आधी म्हटलं तर फुल प्रोफाइलवाला सकाळी सातला येऊन बसलेला असतो, दर वेळी कुणीतरी शुगरवाला त्याच्या पुढे जाणार, त्याचं काय करायचं?

कोडवाला_पुणे
मी लॅब सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, हाच प्रश्न सगळीकडून येतो. छोटं काम आधी केलं की सरासरी वेळ कमी दिसतो पण मोठ्या कामवाल्याचा नंबर लागतच नाही. त्यामुळे क्रम कामाच्या आकारावर लावू नका, रिपोर्ट कधी हवाय त्यावर लावा. रजिस्ट्रेशनलाच विचारायचं, गाडी कितीची, डॉक्टर कधी बघणार, ती वेळ एंट्रीत टाकायची आणि त्यातून टेस्टला लागणारा वेळ वजा करायचा, ज्याची उरलेली वेळ सगळ्यात कमी तो पुढे. म्हणजे एक वाजताची एसटी असलेला प्रोफाइलवाला संध्याकाळी रिपोर्ट नेणाऱ्या शुगरवाल्याच्या आधी जातो, आणि तेच बरोबर आहे. सॉफ्टवेअर नसेल तरी चालेल, बल्बवर वेळ लिहा आणि रॅक वेगळे करा. बारकोड आणि होस्ट क्वेरी असेल तर मशीन ट्यूब वाचून कुठल्या टेस्ट लावायच्या ते सॉफ्टवेअरला स्वतः विचारून घेतं, एकेक नंबर टाकत बसायला लागत नाही, दोनच माणसं असतील तर याचा फरक फार पडतो.

प्लेट_९६
पावसाळ्यात डेंग्यूची एलायझा (खणांच्या प्लेटमध्ये होणारी टेस्ट) लावत असाल तर तिला हा नियम लागू नाही, ती प्लेट बॅचमध्येच, म्हणजे बरेच सॅम्पल एकदम, लागते. २०२० मध्ये कोविडच्या आरटीपीसीआरला आम्ही हेच भोगलंय, ९६ खणांत दोन कंट्रोल सोडून ९४ पेशंट, आणि रोज वाद, प्लेट भरायची वाट बघायची की अर्धीच लावायची. शेवटी संख्येवर थांबणं बंद केलं, वेळ ठरवली. दुपारी दोनपर्यंत आलेले सगळे आजच्या प्लेटमध्ये, मग ते पंधरा असोत की नव्वद. अर्ध्या प्लेटलाही कंट्रोल तेवढेच लागतात त्यामुळे खर्च वाढतो हे मान्य, पण तापाने फणफणलेल्या पेशंटला परवा या म्हणायला लागत नाही. डॉक्टरांनाही ती दोनची वेळ लेखी कळवून ठेवा, ते त्या हिशोबाने सॅम्पल लवकर पाठवतात.