विषय: दिवाळीत गावाकडे सीताफळाचं थंड गोड, ओव्हनशिवाय आणि फ्रिजच्या भरवशाशिवाय

प्रेषक: लीड्सची ताई

मंडळी, नमस्कार.

भाऊबीजेला गावी पंचवीस पान जेवायला आहे. गाव परतवाड्यापासून आत. घरात ओव्हन नाही. फ्रिज एका दाराचा, तोही दूध-भाजीनेच भरलेला, आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) सीताफळं मात्र भरपूर आहेत आणि दूध घरच्या म्हशीचं. खाली बिस्किटाचा चुरा आणि वर क्रीममध्ये कालवलेला फळाचा गर, असं इकडे करतो तसं गोड तिथे लावायचं मनात आहे. व्हिपिंग क्रीम अमरावतीहून आणता येईल, जिलेटिन इथून नेईन. जमेल का? प्रमाण, क्रम आणि कशाने बिघडतं ते जरा सविस्तर सांगा.

प्रेषक: टोरांटोचे दादा
विषय: उत्तर: सीताफळाचं थंड गोड

ताई, जमेल. फक्त व्हिपिंग क्रीम आणि जिलेटिन दोन्ही सोडून द्या.

क्रीम फेटून उभं राहतं ते त्यातल्या स्निग्धांशाच्या जोरावर. तो साधारण ३५ टक्के लागतो आणि थंडगार लागतो. क्रीम, भांडं, फेटणी सगळं फ्रिजमधून काढलेलं असलं तरच हवेचे बुडबुडे धरून राहतात. ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे स्वयंपाकघरात सहज ३३-३४ अंश असतात. तिथे स्निग्धांश मऊ पडतो, क्रीम उभं राहत नाही, आणि चिडून आणखी फेटलं की लोणी वेगळं आणि ताक वेगळं. अमूलचं साधं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं आहे, ते कितीही फेटा, घट्ट उभं राहायचं नाही.

जिलेटिनची अडचण वेगळी. ते ३०-३५ अंशांच्या आसपासच वितळतं. लाईन गेली आणि वाट्या तासभर बाहेर राहिल्या की पळीवाढं होईल. शिवाय ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. सणाच्या पंगतीत कोणी विचारलं तर काय सांगणार?

त्याऐवजी चायना ग्रास घ्या. समुद्री शेवाळापासून निघतं, किराणा दुकानात दोऱ्यांच्या रूपात मिळतं. ते ३५-४० अंशांच्या दरम्यान जमतं आणि एकदा जमलं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे आपल्या हवेत ते फ्रिजबाहेरही बसतं. फ्रिज किंवा बर्फ लागतो तो थंड करायला आणि दूध नासू नये म्हणून.

मऊपणा क्रीमने नाही, चक्क्याने आणा. म्हशीच्या दुधाचा चक्का असेल तर वेगळं काही लागत नाही.

१२-१३ वाट्यांचं प्रमाण असं. पंचवीस पानांना दोन घाणे करा. सगळं एकदम करू नका, का ते पुढे येईल.

सीताफळाचा गर ५०० ग्रॅम, चक्का ४०० ग्रॅम, फ्रेश क्रीम किंवा घोटलेली ताजी साय १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, चायना ग्रासचे दोरे ६ ग्रॅम, पाणी २०० मिली, लिंबाचा रस एक चमचा. चायना ग्रासची पूड मिळाली तर ४ ग्रॅम पुरे, पूड जास्त जोरकस असते. चक्क्यासाठी सव्वा लिटर न काढलेल्या दुधाचं दही लावा आणि फडक्यात ६ ते ८ तास टांगा. रात्री टांगलं तर सकाळी तयार. दही कालचं-परवाचं आंबट नको. चक्का चाखून आंबट लागला तर साखर २०-२५ ग्रॅम वाढवा.

आता क्रम. सगळा खेळ क्रमाचा आहे.

दोरे कात्रीने बोटाएवढे कापा, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून घ्या. २०० मिली पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवा. एकही दोरा दिसता कामा नये. चमचा वर धरला की धार पारदर्शक पडली पाहिजे. याला ८-१० मिनिटं लागतात आणि पाणी आटून दीडशेच्या आसपास येतं. नुसतं गरम पाण्यात ढवळून चायना ग्रास विरघळत नाही, उकळावंच लागतं. गाळून घ्या.

दरम्यान चक्का, साय, पिठीसाखर मोठ्या गंजात (पातेल्यात) फेटून ठेवा. हे मिश्रण खोलीच्या तपमानाला हवं. फ्रिजमधला गार चक्का आणि त्यात गरम चायना ग्रास, म्हणजे पडल्याक्षणी शेवया. जिभेला रबराचे धागे लागतात आणि मग त्यावर इलाज नाही.

गाळलेलं पाणी ५५-६० अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून बोट लावून पाहा, तीन-चार सेकंद टिकलं की झालं. उकळतं ओतलं तर चक्का फाटतो, फार गार झालं तर भांड्यातच जमतं. आधी चक्क्यातली दोन पळ्या बाजूला घेऊन त्यात हे पाणी फेटा, मग ते सगळं मोठ्या गंजात, फेटणी न थांबवता. गर सर्वांत शेवटी, सराट्याने (उलथन्याने) हलक्या हाताने. लगेच वाट्यांत ओता. आपल्या हवेत हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, तेवढ्यात १२-१३ वाट्या भरून होतात, २५ होत नाहीत. म्हणून दोन घाणे.

प्रेषक: न्यू जर्सीच्या काकू
विषय: उत्तर: सीताफळाचं थंड गोड

दादांनी जमवण्याचं सगळं सांगितलं, मी फळाचं सांगते. हे गोड सीताफळावर उभं आहे आणि गर काढण्यातच ते बिघडतं.

ताई, गर तापवायचा नाही, अगदी कोमटही नाही. सीताफळ तापलं की कडवट होतं आणि रंग गुलाबी-तपकिरी पडतो. बासुंदीतही गर ती पूर्ण गार झाल्यावरच घालतात. दादांनी गर शेवटी घालायला सांगितला तो याचसाठी. शेवया झाल्या म्हणून गंज पुन्हा चुलीवर चढवू नका, सगळं कडू होईल. तसं झालंच तर मोठ्या जाळीच्या गाळणीतून गाळा आणि घट्ट रबडीसारखं वाढा, चव कुठे जात नाही.

फळ कोणतं घ्यायचं? डोळे फाकलेले, मधल्या भेगा पिवळट, देठाशी दाबलं की दबणारं. सालीवर काळं पडलेलं, आंबूस वास येणारं नको. ५०० ग्रॅम गराला दीड किलो पिकलेली फळं धरा. धुऱ्यावरची फळं लहान आणि बियाळ असतात, तेव्हा पावणेदोन किलो उतरवा. सगळी एका दिवशी पिकत नाहीत. डोळे भरलेली फळं तीन-चार दिवस आधी उतरवून कोरड्या गवतात किंवा टोपलीत ठेवा, रोज हात लावून पाहा. पिकलेली तेवढी काढा. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नका, ते काळं पडतं आणि पिकत नाही.

गर चमच्याने काढताना सालीला लागून असलेला करडा, खरबरीत थर सोडा. त्यात वाळूसारखे कण असतात. ते कितीही घोटले तरी जात नाहीत आणि चक्क्याच्या मऊपणात दाताखाली येतात. लोभाने साल खरवडली की सगळा घाणा खरखरीत.

बिया काढायला मिक्सर नको. एक बी फुटली तरी कडवटपणा उतरतो, आणि ती विषारी असते. उवांवर बियांची पूड लावतात, ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना मोठी इजा होते. बी तशी तीव्र, तेव्हा खाण्याच्या भांड्याजवळ फुटू द्यायची नाही. गर मोठ्या भांड्यात घेऊन लाकडी रवीने सावकाश घुसळा, जोर न लावता. बी गरातून सुटते. मग पुरणाच्या चाळणीत घालून हाताने फिरवा. दाबू नका, फक्त फिरवा. राहिलेल्या बिया मोजायला पोरांना बसवा, एकही सुटत नाही.

गर काढल्याबरोबर त्यावर लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर भुरभुरवा, झाका. नाहीतर अर्ध्या तासात काळवंडतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंड, बिनकल्हईचं पितळ नको.

प्रेषक: लीड्सची ताई
विषय: उत्तर: सीताफळाचं थंड गोड

काकू, दादा, खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. वाट्यांऐवजी ताटात लावून वड्या पाडल्या तर? आणि परसातली पपई पिकली आहे, तिच्या फोडी वर लावू का?

प्रेषक: टोरांटोचे दादा
विषय: उत्तर: सीताफळाचं थंड गोड

वड्या नको. बिस्किटाचा थर एकसंध राहतो तो तूप गोठल्यावर, आणि आपल्या ऑक्टोबरात तूप गोठत नाही. सुरी लावली की चुरा. वाटीत ही अडचणच नाही: २०० ग्रॅम मारी बिस्किटं जाडसर कुटा, त्यात ५० ग्रॅम भाजलेले तीळ आणि ५० ग्रॅम पातळ तूप चोळा, प्रत्येक वाटीत दीड-दोन चमचे दाबून बसवा. पीठ करू नका, पीठ ओलावा शोषून लापशी होतं. वड्याच हव्या असतील तर थर सोडा, चायना ग्रास ९ ग्रॅम करा आणि नुसतं सीताफळ कापा. पण ते टणक होतं, मला स्वतःला मऊच आवडतं.

पपई आयत्या वेळी लावायला हरकत नाही. आधीपासून लावून ठेवू नका. पपईत आणि ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, ते दुधा-चक्क्याला लागून राहिलं की पाणी सुटतं आणि कडवट लागतं. चायना ग्रासवर त्याचा परिणाम होत नाही, जिलेटिन मात्र जमूच देत नाही. डब्यातलं अननस शिजलेलं असतं, त्यात हा दोष उरत नाही. वर भाजलेले बदामाचे काप सर्वांत बरे.

प्रेषक: न्यू जर्सीच्या काकू
विषय: उत्तर: सीताफळाचं थंड गोड

थंड करण्याचं तेवढं लिहिते, कारण गावात तिथेच ओढाताण होते.

वाट्या भरल्या की परातीत थंड पाणी घालून त्यात ठेवा, वाटीच्या अर्ध्या उंचीपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटांत जमतील. मग झाकून थर्माकोलच्या पेटीत. बर्फाची लादी परतवाड्याहून सकाळी आणा, पोत्यात गुंडाळून. फोडून खाली थर, वर जाड पुठ्ठा, त्यावर वाट्यांची ताटं. बर्फावर मूठ-दोन मूठ जाडं मीठ टाकलं की गारवा वाढतो, पण बर्फ लवकर संपतो, म्हणून मीठ शेवटच्या तासाला. लादीचा बर्फ खाण्याचा नसतो; वितळलेलं पाणी वाटीत जाणार नाही असं पाहा, आणि पेटीला खालून एक भोक ठेवा.

दुधाचा पदार्थ आहे, बर्फाबाहेर तासाभरावर ठेवू नका. पंगत बसली की पाच-सहा वाट्या काढा, बाकी आत. आदल्या दिवशी चक्का टांगायचा, बिस्किटं कुटायची, काजू-बदाम भाजायचे. गर त्याच दिवशी सकाळी. चक्का मात्र दोन तास आधी फ्रिजमधून काढायला विसरू नका, त्या शेवयांसाठी.

इथे परदेशात ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी भारतीय दुकानातला गोठवलेला गर घ्या. तो वितळताना पाणी सोडतो. गाळणीत तासभर ठेवून पाणी जाऊ द्या, मग ५०० ग्रॅम मोजा. पाकिटावर साखर घातलेली असेल तर पिठीसाखर निम्मी.