सापसुरळीची जात ओळखायला मदत हवी आहे (तातडीने)

भातखाचर: गावाच्या जैवविविधता नोंदवहीत सापसुरळीची नोंद करायची आहे, यादी परवा द्यायची आहे. पाठ तपकिरी, उन्हात तांब्यासारखी चकाकते. शास्त्रीय नाव एका पुस्तकात माबुया लिहिलंय, दुसऱ्यात युट्रोपिस. काय लिहू?

रानमोगरा: गाव कुठलं? लांबी? फोटो आहे का?

आबा_जळगाव: सापसुरळी विषारी नसते. घरात शिरली तर मारू नका, दार उघडं ठेवा, आपली आपण जाते.

भातखाचर: आबा, ते विचारलंच नाही हो. गाव भोरजवळ. लांबी वीतभर, शेपूट धरून. फोटो आहे.

रानमोगरा: माबुया जुनं झालं. 2002 मध्ये त्या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, फोड झाली. आशियातल्या युट्रोपिसमध्ये गेल्या, आफ्रिकेतल्या पुढे ट्रॅकिलेपिसमध्ये, माबुया नाव अमेरिकेतल्यांकडे राहिलं. आता जात. फोटो मोठा करा आणि पाठीच्या एका खवल्यावरचे उभे कंगोरे मोजा. युट्रोपिसच्या दोन जाती बघा: कॅरिनाटाला बहुधा तीन, मॅक्युलारियाला पाच ते नऊ.

सड्यावरचा: एवढं कशाला? गळा नारिंगी दिसला की मॅक्युलारिया. आमच्या आवारात तीच असते.

रानमोगरा: तो रंग विणीच्या दिवसांत नरावर चढतो. मादी आणि पिल्लं कशी ओळखाल? शिवाय मॅक्युलारिया हे नाव ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने 1853 मध्ये रंगपूरच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, नमुन्यावरून दिलं. त्या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. तुमच्या आवारातली तीच कशावरून?

सड्यावरचा: लहानपणापासून बघतोय, म्हणून.

वैनगंगा: आमची युट्रोपिस अलापल्लेन्सिस विसरू नका! 1926 साली श्मिट या प्राणिशास्त्रज्ञाने आलापल्लीच्या जंगलातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. गडचिरोलीचं गाव जगभरच्या यादीत आहे.

भातखाचर: ताई, अभिमान आहेच, पण भोरचं बोलू या. खवल्यावर तीन रेषा स्वच्छ दिसतात, कडेला आणखी एक पुसट.

रानमोगरा: खवला पाठीच्या मधला की कुशीचा?

भातखाचर: कुशीकडचा. मधल्यांवर ऊन चमकलंय, काही दिसत नाही.

रानमोगरा: मग 'युट्रोपिस, जात अनिश्चित' लिहा आणि फोटो जोडा.

भातखाचर: जातीचा रकाना मोकळा चालत नाही म्हणतात.

रानमोगरा: मोकळा कुठे, 'अनिश्चित' लिहिताय ना. चुकीचं नाव एकदा चढलं की त्यावरून पुढच्या याद्या होतात. उद्या सकाळी ऊन खायला बाहेर येईल तेव्हा सावली धरून वरून फोटो काढा. पकडू नका, शेपूट टाकते.