मदत हवी आहे: सोलापुरात घरून जीएसटीचं काम सुरू केलंय, पार्ट्या मिळाल्या पण फी काय हातात येईना

आकडेवाली:

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बी.कॉम., सोलापूरचीच. २०१६ ला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लागले तेव्हा व्हॅट होता, वर्षभरात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मग तेच काम. पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, पिशवीभर बिलं आणायची, एन्ट्री मारायची, रिटर्न भरायचं, नोटीस आली की सरांच्या टेबलावर ठेवायची. मागच्या दिवाळीनंतर नोकरी सोडली आणि जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. कागदपत्रं सगळी केलीत, शॉप अॅक्ट झालं, उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी झाली (ती फुकट असते, तिचेसुद्धा लोक पैसे घेतात), व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० भरले, जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा दोन वर्षांपूर्वीच पास झालेय.

आज २७ पार्ट्या आहेत. ऐकायला बरं वाटतं ना? पण मागच्या आठवड्यात वही काढून बसले तर येणं निघालं ४१ हजार. महिन्याला ६०० रुपये फी सांगितलीय, रिटर्न निल (महिनाभर व्यवहारच नाही) असेल तर ३००, तरी "मॅडम पुढच्या महिन्यात एकदमच घ्या". पुढच्या महिन्यात तेच. तगादा लावायला जीभ रेटत नाही, कारण निम्मे ओळखीचे, कुणी भावाचा मित्र, कुणी सासरच्या गल्लीतला.

दुसरं म्हणजे बिलं. ३बी ची, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या रिटर्नची तारीख २०, आणि हे १९ ला रात्री साडेनवाला व्हॉट्सअॅपवर चाळीस फोटो टाकणार, त्यातले दहा आडवे, चार अंगठ्याखाली. मग उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी लागते आणि ती कुणामुळं? माझ्यामुळं!

आणि एक मूर्खपणा माझाच सांगते. एका कापडवाल्याची कराची रक्कम ११,४०० होती, तो बाहेरगावी, म्हणाला तुम्ही भरून टाका आलो की देतो, मी माझ्या खात्यातून चलन भरलं. दोन महिने झाले. माणूस आला, चहा पिऊन गेला, विषयच काढला नाही.

तर विचारायचंय की फी वेळेवर यायला तुम्ही नेमकं काय करता, बिलं वेळेत कशी मागवता, आणि जुन्या ऑफिसातल्या तीन पार्ट्या स्वतःहून माझ्याकडं यायचं म्हणतायत त्या घ्याव्यात का. घरी येणारा प्रत्येक नवा माणूस आधी विचारतो "साहेब कुठंयत?" त्यावर कुणाकडं उपाय असेल तर तोही सांगा.

बार्शीचा रिटर्नवाला:

ताई, चौदा वर्षं या कामात आहे, तुमचे ११,४०० वाचून माझे २०१८ सालचे नऊ हजार आठवले. ते अजून यायचेत.

पहिला नियम हाच करा की पार्टीचा कर आपल्या खिशातून एक रुपयाही भरायचा नाही, सख्खा मेव्हणा असला तरी. चलन तयार करायचं, ते व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, १५ दिवस चालतं ते, तो नेट बँकिंगनं भरेल नाहीतर चलन घेऊन बँकेत जाईल, रोखीनं दहा हजारापर्यंत काउंटरवर भरता येतं. आपलं काम तिथं संपलं. एकदा भरलं की त्याच्या डोक्यात ते कर्ज नसतं, तुमची सेवा असते.

बिलांसाठी लेट फीची भीती दाखवून उपयोग नाही, व्यापारी स्वतःच्या दंडाला भीत नाही, गिऱ्हाइकाच्या फोनला भितो. त्याला एवढंच समजावून सांगा की आर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची तारीख ११, ती चुकली की १४ तारखेला तयार होणाऱ्या समोरच्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या यादीत तुमचं बिल दिसत नाही, त्याला क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही आणि मग तो तुमचं पेमेंट अडवतो. माझा एक भुसारवाला दर महिन्याला रखडायचा, लातूरच्या पार्टीनं एकदा त्याचे पैसे रोखले, तेव्हापासून ५ तारखेला सकाळी बिलं हजर.

फीचं म्हणाल तर महिन्याची फी हा प्रकारच बंद करा. तीन महिन्यांची आगाऊ. ६०० मागायला लाज वाटते, १,८०० मागायला वाटत नाही, करून बघा.

मागवाला:

ताई मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग हायत. आमची बाजू पण ऐका की. सूत आणायचं तर पैसे मोजावे लागतेत, माल जातो बाहेरच्या व्यापाऱ्याला आणि त्याचा पैसा येतो दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याच्याही पुढं. मधे कामगाराचा आठवड्याचा पगार थांबवता येत नाही, लाइट बिल थांबवता येत नाही. थांबवता येतं ते कुणाचं? तुमचं. बुडवायचं मनात नसतंय, शेवटी ठेवतो एवढंच. दर महिन्याला मागितलं तर आमच्याकडं नसतंय आणि ज्या दिवशी पेमेंट येतं त्या दिवशी तुम्ही मागत नाही!

पण एक सांगतो. आमच्या टॅक्सवाल्यानं दोन वर्षामागं मला बसवून समजावलं, की आयकरात नवीन नियम आलाय, ४३बी(एच), आपण उद्यमवाले छोटे उत्पादक आहोत, तर घेणाऱ्यानं ४५ दिवसात पैसे दिले पाहिजेत, लेखी करार नसेल तर १५ च दिवसात, नाहीतर त्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मला ह्यातलं कायच म्हाईत नव्हतं. त्यानं प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापून घ्यायला लावला. एक व्यापारी उलटा मलाच म्हणाला उद्यम रद्द कर, तो गेला, जाऊ दे. पण बाकी दोघांचं पेमेंट त्या मार्चला झटक्यात आलं. त्या माणसाची फी मी दिवाळीच्या आधी न मागता देतो. नुसतं रिटर्न भरणारे सोलापुरात ढिगानं हायत ओ.

पुण्यातून:

मागवाल्यांनी लाखमोलाचं लिहिलंय. एक भर घालतो, तो नियम उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच आहे, निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्याला त्याचा फायदा नाही, सरसकट सगळ्या पार्ट्यांना सांगत सुटू नका.

ताई, तुमच्या २७ मध्ये वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या आत असलेले किती? बहुतेक सगळेच असतील. त्यांना तिमाही योजनेत का टाकत नाही? ३बी तीन महिन्यांतून एकदा, पहिल्या दोन महिन्यांचा कर फक्त २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा. ज्यांच्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला क्रेडिट हवं असतं त्यांची बिलं १३ पर्यंत आयएफएफ मध्ये, म्हणजे पोर्टलवर त्या महिन्याची बिलं चढवायच्या सोयीत टाकायची. एप्रिल-जूनसाठी निवड ३० एप्रिलपर्यंत करता येते. तिमाही फी आगाऊ मागायला कारणही आपोआप मिळतं.

आणि आयटीआर, म्हणजे आयकराच्या रिटर्नचं काम सोडू नका. बारा लाखापर्यंत कर शून्य झाल्यापासून लोकांना वाटतं रिटर्नच भरायचं नाही, तसं नाहीये, नव्या पद्धतीत चार लाखाच्या वर उत्पन्न गेलं की भरावंच लागतं. फक्त "रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे" या धंद्यात पाय घालू नका. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली ती खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांसाठीच. दंड करदात्यावर लागतो, बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत, पण तो करदाता भांडायला येतो कुणाच्या दारात ते तुम्हाला माहितीय.

आकडेवाली:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रिफंडवाल्यांचं अगदी खरंय, मागच्या सिझनला एक शिक्षक आले होते, त्यांच्या स्टाफरूममध्ये म्हणे कुणीतरी राजकीय पक्षाला देणगी दाखवून सगळ्यांना तीस-चाळीस हजार मिळवून दिले, तुम्ही कमीत कमी वीस तरी द्या. नाही म्हटलं तर "तुम्हाला जमत नसेल" म्हणून उठून गेले. आणि खरं बोलून धंदा घालवायची मला सवयच आहे असं दिसतंय, कडक भाकरी आणि शेंगा चटणीवाल्या एका बचत गटाच्या बायका नोंदणी करायला आल्या, ऑनलाइन विकायचं तर जीएसटी लागतोच असं कुणीतरी भरवलेलं. मी सांगितलं की उलाढाल मर्यादेच्या आत आहे आणि माल महाराष्ट्रातच विकताय तर ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती नाही, पोर्टलवर नुसता एनरोलमेंट नंबर काढा. तो काढून दिला, दोनशे रुपये. नोंदणी केली असती तर दीड हजार आणि वर दर महिन्याची फी. यजमान म्हणाले तू समाजसेवा केंद्राचाच बोर्ड लाव.

बार्शीचा रिटर्नवाला:

त्या बायका दहा जणींना सांगतील, बघा तुम्ही. बोर्ड राहू द्या.

जुन्या ऑफिसच्या पार्ट्यांचं राहिलं. स्वतःहून येतायत तर घ्या, पण आधी सरांना तुम्ही स्वतः फोन करा आणि पार्टीला त्यांची बाकी फी चुकती करून यायला सांगा. जो त्यांचे बुडवून येतोय तो उद्या तुमचे बुडवून जाणार. दुसरं, त्यांच्या पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. निम्म्या ठिकाणी आधीच्या सल्लागाराचाच नंबर असतो आणि ओटीपी तिकडं जातो. लॉगिन चालू असेल तर आतून नॉन-कोअर (किरकोळ बदलाच्या) दुरुस्तीनं बदलता येतो, नसेल तर मालकानं स्वतः कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडं जायचं. नंबर मालकाचाच टाका, सोयीसाठीसुद्धा तुमचा टाकू नका.

आकडेवाली:

फोन केला सरांना. अर्धा मिनिट काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "दोघांची बाकी आहे, ती देऊन जाऊ दे, तिसरा खुशाल घे, त्यानं माझं डोकं खाल्लंय."

आणि सत्तावीस जणांना मेसेज टाकलाय, १ एप्रिलपासून तिमाही फी आगाऊ, बिलं ५ तारखेच्या आत, कर ज्याचा त्यानं भरायचा. कापडवाल्याला वेगळा टाकला, खाली ११,४०० चं चलन जोडून, "आलो की देतो" लिहिलेल्या त्यांच्याच मेसेजच्या फोटोसकट. मागवाले दादा, तुम्ही म्हणता तसं अशोक चौकातल्या दोन मागवाल्यांकडं शनिवारी बसायला जाणार आहे, उद्यमचं समजावायला, तिथं तेलुगूत बोलावं लागेल, तेवढं येतं मला.

आतापर्यंत नऊ जणांनी अंगठा पाठवलाय, दोघांनी पैसे, आणि एकानं विचारलंय "हे साहेबांनी ठरवलंय का?" त्याला काय उत्तर देऊ ते तेवढं सुचवा.

मागवाला:

सांगा, साहेब घरी स्वयंपाक करालेत.