डिकीतला सबवूफर: खर्ज की नुसती ढणढण?

खर्जप्रेमी:
मागच्या महिन्यात गाडीच्या डिकीत १० इंची सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) बसवला, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर. ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच, की सब आवाज वाढवायला नसतोच. कंपनीचे दारातले साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली गेले की हात टेकायला लागतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ४१ हर्ट्झवर. म्हणजे तो मूळ सूर आपल्यापर्यंत जेमतेम पोचतो, वरच्या पटींवरून (दुप्पट, तिप्पट हर्ट्झच्या सुरांवरून) कान तो ताडतो. जे थोडंफार उरतं ते टायरची घरघर गिळते. मग आपण बेस वाढवतो, आवाज वाढवतो आणि दाराचं प्लास्टिक बोलायला लागतं.

आता ८० च्या खालचं सगळं सबकडे, वरचं दारांकडे. पूर्वी आवाज २२ वर ठेवायचो, आता १४ वर भागतं. असहमत मंडळींनी यावं.

रिकामी डिकी:
आलो. सामान कुठे ठेवता? डबा, आतलं चुंबक सगळं धरून सहज १५ किलो. तो पट्ट्याने बांधलाय की नुसता ठेवलाय? जोरात ब्रेक लागला तर तो तुमचं वय बघणार नाही.

दुसरं, दारांना काही केलंत का? दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज त्यातून पुढे येतो आणि पुढचा बेस खातो. ती भोकं बुजवा, पत्र्याला डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारी चिकट पट्टी) लावा, बघा तेच स्पीकर काय बोलतात ते. मी तेवढं केलं आणि सबचा विचार तिथेच सोडला.

तारतम्य:
मी सबच्या विरोधात नाही, सब बसवणाऱ्यांच्या विरोधात आहे.

मी स्वतः जुनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाचा ॲम्प आतच होता. वाजत छान होता. एकदा बॅटरी बदलताना लाल तार हाताला लागली. इंजिनामागच्या पत्र्यातून ती आत शिरते तिथे रबरी ग्रोमेटच (तार घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) नव्हतं. पत्र्याच्या धारेने वरचं प्लास्टिक घासून आतलं तांबं चकाकत होतं, नखाएवढं. आणि फ्यूज कुठे? डिकीत, ॲम्पच्या शेजारी! म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची अख्खी तार उघड्यावर. तांबं पत्र्याला टेकलं असतं तर बॅटरीने सगळी ताकद त्या तारेत ओतली असती आणि ती गालिच्याखाली पेटली असती. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नसतो हो, तारेसाठी असतो. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत लावायचा, एवढंच. हे काम दोन मिनिटांचं आणि नेमकं तेच राहतं.

खर्जप्रेमी यांनी कुठे लावलाय?

खर्जप्रेमी:
@तारतम्य, बॉनेट उघडून बघून आलो. वीतभर अंतरावर आहे. तुमचं वाचून छातीत धडधडलं मात्र, तेही सबशिवाय.

@रिकामी डिकी, डबा मागच्या सीटच्या पाठीला दोन कंसांनी बोल्ट केलाय. दारांचं म्हणणं निम्मं मान्य. शीट लावून बेस घट्ट होतो हे खरं, पण साडेसहा इंचाचा कागद ४० हर्ट्झची हवा हलवणार कशी? तिथे शीट काय करणार?

तिसरा मजला:
तुमच्या गाडीत काय वाजतं ते तुम्ही ठरवा. माझ्या खोलीत काय वाजावं ते मला ठरवू द्या.

रात्री खालून अशी एखादी गाडी जाते तेव्हा गाणं कुठलं ते कळत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, फक्त ढुम... ढुम... आणि खिडकीच्या तावदानाची किणकिण. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर, तिला काचा आणि पातळ भिंती म्हणजे पडदाच. वरचे सूर गाडीतच अडतात, गाळ तेवढा आमच्या वाट्याला.

आणि मोबाईलवर मोजून ‘७०च तर आहे’ म्हणू नका. ते आकडे बहुधा ए-वेटिंगचे, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणारे असतात, त्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल आधीच वजा होतात. मीटर कानाच्या बाजूने बोलतो, तावदानाच्या नाही.

नवा गडी:
मध्येच विचारतो, माफ करा. ठेका पडला की माझे हेडलाइट मंद होतात. बसवणारा म्हणतो १ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात सोडणारा भाग) लावा. लावू?

तारतम्य:
नको. हिशेब करा. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२ वर उतरला तर त्यातून निघतात सुमारे ३२ ज्यूल. ५०० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण वाजताना बॅटरीकडून सव्वासहाशे वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे ४५ अँपिअर. तुमचा कपॅसिटर सेकंदाच्या विसाव्या भागात रिकामा, पुढे भरायला परत इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरलाच हात पसरणार.

आधी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी, तपासा. ॲम्पची काळी तार जिथे कसली आहे तिथला रंग खरवडलाय का? रंगावर कसलेली अर्थ म्हणजे नसल्यातच जमा. मग तार कापून बघा, कडेला तांबूस आणि आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. त्याच जाडीला ती बरीच कमी वीज वाहते.

आणि डब्यावर १२०० वॅट लिहिलंय म्हणून हुरळू नका, आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) बघा. ताकद दुप्पट केली तरी हाती ३ डेसिबल लागतात. ॲम्पवरची गेनची खुंटी म्हणजे व्हॉल्यूम नाही, ती रेडिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असते; ती पूर्ण पिळणारे लोकच सब जाळतात. ४ ओहमला ३०० वॅट हवे असतील तर टेस्ट टोनवर (एकसारखा वाजणारा चाचणीचा सूर) स्पीकरच्या टोकांशी साधारण ३५ व्होल्ट दिसले की थांबा.

रिकामी डिकी:
बघा, फ्यूज, अर्थ, तार, गेन... एक डग्गा नीट ऐकायला विजेचा डिप्लोमा लागतोय. माझ्या दारांना शीट चिकटवायला फक्त हेअर ड्रायर आणि रोलर लागला होता.

खर्जप्रेमी:
@रिकामी डिकी, लागतो खरा. पहिले चार दिवस मागे कुठेतरी भुंगा अडकल्यासारखं गुणगुणत होतं. डबा आवळला, पार्सल ट्रे काढला, स्टेपनीची बोल्टसुद्धा कसली. शेवटी सापडली नंबर प्लेट! मागे फोमच्या दोन पट्ट्या, भुंगा गेला. मग सबच्या दोन तारा उलटसुलट करून पाहिल्या, तर डिकीत वाजणारा ठेका एकदम डॅशबोर्डवर आला. तेव्हा मी गाडीत एकटाच हसलो.

@तिसरा मजला, तुमचं वाचून काल रात्री मुलाला गाडीत बसवलं, १४ वर गाणं लावलं, काचा बंद, आणि मी दहा पावलं लांब उभा राहिलो. गाणं ओळखू आलं नाही. ठेका आला. स्पष्ट आला. स्टिअरिंगखाली बेसची वेगळी खुंटी आहे, आता गल्लीत वळतानाच ती शून्यावर.

तिसरा मजला:
बघतो. म्हणजे, ऐकू आलं नाही तर कळेलच.