आमच्या विहिरीचं पाणी विद्यापीठाच्या कोणत्या विभागात येतं?

पूर्णाकाठचा
मी दर्यापूर तालुक्यातला. खारपाणपट्टा म्हणजे काय, हे अकोला-अमरावती-बुलढाण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, त्यातलं भूजल खारं आहे आणि तेच पाणी वावराला देत राहिलं की जमीन चोपण होते. आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, अडीच हजार मिलिग्रॅमवर आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 500 सांगतं. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं.

तर गेल्या सहा वर्षांत या एका विहिरीवर संशोधनासाठी चार टोळ्या येऊन गेल्या. रसायनशास्त्राची पोरं मे महिन्यात आली, बाटल्या भरून घेऊन गेली. बाटलीवर बॉलपेननं गावाचं नाव लिहिलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत ओल्या हातानं पुसलं गेलं. मातीवाले डिसेंबरात आले, उभ्या हरभऱ्यात हातभर खड्डा केला, बुजवायचं विसरले. मग आरोग्य शिबिर. आईचं रक्त घेतलं, किडनीसाठी क्रिएटिनिन पाहतो म्हणाले. त्या रिपोर्टची वाट ती अजून पाहते आहे. शेवटी समाजकार्याच्या मुली 14 पानी फॉर्म घेऊन आल्या. त्यात एक प्रश्न होता, 'पाण्याचा स्रोत: विहीर / नळ / इतर'. आईनं तिन्हींवर खूण करायला लावली.

चारही प्रबंध कुठल्यातरी कपाटात असतील. पाण्याचा आकडा मे महिन्याचा, मातीचा डिसेंबरचा, रक्ताचा तिसऱ्याच वर्षाचा. कोणाचं कोणाशी जुळणार? 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हापासून 'बहुविद्याशाखीय' हा शब्द प्रत्येक चर्चासत्राच्या फलकावर दिसतो. माझं म्हणणं साधं आहे. एक गाव घ्या, पाच विभागांचे पाच विद्यार्थी एकाच विहिरीवर एकाच दिवशी आणा आणि पाच वर्षं आणा. नाहीतर संशोधन म्हणजे आमच्या बांधावरची सहल आहे.

बेसाल्ट
तीस वर्षं भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा कडू बोलतो. तुम्हाला त्रास झाला तो निष्काळजी कामाचा. त्याचं औषध म्हणून तुम्ही आणखी चार निष्काळजी माणसं बोलावताय.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण घ्या. लोणारचं विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. 1973 मध्ये तो उल्केच्या बाजूनं मिटला तो कशानं? विवरातल्या बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट सापडलं म्हणून. म्हणजे प्रचंड धक्क्यानं काच झालेलं फेल्डस्पार हे खनिज. तो ओळखायला खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात हयात घालवलेला डोळा लागतो. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हाही तेच. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांनी सांगितलं की हा रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया जीवांचा आहे. तिथे समाजशास्त्रज्ञ नेऊन काय करणार होता?

पोरांना पाच विषय थोडे थोडे शिकवले की एक ना धड, भाराभर चिंध्या. शिवाय नोकरी? सहायक प्राध्यापकाची जाहिरात आजही विषयाचं नाव घालून निघते. मिसळीची पीएचडी घेऊन आलेलं पोरगं छाननीतच बाहेर जातं. हे मी छाननीच्या टेबलावर बसून पाहिलेलं आहे.

पऱ्हाटीवाला
सर, थे दगडाचं बराबर हाय. पन आमी दगड नाई ना बाप्पा. दगडाले एकच रोग असते.

उपकेंद्र
मी बुलढाणा जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. बेसाल्ट सरांना शेगाव तालुक्याची आठवण करून देते. डिसेंबर 2024 च्या शेवटी बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हाताला येऊ लागले. आधी डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत टक्कल. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' करून टाकला.

पहिला संशय पाण्यावर. पाणी तपासलं तर नायट्रेट जास्त निघालं. झालं, सगळे पाण्याच्या मागे. मग बुरशी, मग शांपू. ज्या बाईनं जन्मात शांपू लावला नाही तिलाही विचारायचे, कोणता शांपू. नंतर आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली, रक्तात सेलेनियम जास्त असल्याचं समोर आलं. हे मातीतलं मूलद्रव्य, अंगात जास्त झालं की केस जातात. विंचूदंशाच्या कामामुळे ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर: गव्हात सेलेनियम जास्त, रुग्णांत जस्त कमी. त्यावर वादही झाला, तो बाजूला ठेवू. पण विचार करा, त्वचेचा डॉक्टर डोकं पाहणार, पाणीवाला नळ पाहणार. गहू कुठल्या मातीतून आला हे डोक्यावर लिहिलेलं नसतं. पंजाबच्या काही भागातल्या मातीत सेलेनियम जास्त आहे हे मृदाशास्त्राच्या लोकांना आधीपासून माहीत होतं. त्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी फोन केला असता तर?

बेसाल्ट
ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. गव्हाचं नाव कोणाला सुचलं? ज्यानं विषबाधेवर आयुष्य घालवलं त्याला. समितीला सुचलं नाही.

उपकेंद्र
सर, डॉक्टरांनी गहू तपासला, डोक्याची कातडी तपासत बसले नाहीत. कुंपण ओलांडलंच ना? आणि किडनीचं काय? आमच्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे डायलिसिसला जाणारे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. खारं पाणी, ऊन, फवारणीची औषधं, दुखलं की मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सगळ्यांवर संशय आहे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातल्या शेतकऱ्यांत असाच आजार 1990 च्या दशकापासून दिसतो आहे, तिथेही एका कारणावर एकमत नाही. यातलं कोणतं कुंपण तुम्ही आधी उभं करणार?

तिसरं वर्ष
नावाप्रमाणे पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. गडचिरोलीची आहे, म्हणून सिकलसेलचं सांगते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. आमच्या घरातही आहे.

1945 मध्ये लायनस पॉलिंग एका समितीच्या बैठकीत होता. तिथे विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरनं सहज सांगितलं की या रुग्णांच्या पेशी नीलेतल्या रक्तात जास्त वाकड्या दिसतात. नीलेत ऑक्सिजन कमी. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ, त्याच्या डोक्यात लगेच आलं की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूत असेल. प्रयोग केले ते डॉक्टर होऊन रसायनशास्त्रात पीएचडी करायला आलेल्या हार्वे इटानो या विद्यार्थ्यानं, आणि 1949 मध्ये सिकलसेल हा 'रेणूचा आजार' ठरला. सर, ही समितीच होती बरं.

पण पूर्णाकाठचे भाऊ, तुमचंही पूर्ण पटत नाही. माझा विषय माती आणि पोषण यांच्या मधला. दोन गाईड आहेत. एक म्हणतात प्रकरण तीन काढ, दुसरे म्हणतात प्रकरण तीन हाच प्रबंध. सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत प्रत्येक जण आपल्या विषयातलं कच्चं काढतो, आणि कच्चं निघतंच. तुमच्या गावात पाच जण एका दिवशी येतील, फोटो काढतील, पाच प्रबंध पुन्हा वेगळेच लिहितील. माझं तर अर्धं वर्ष यंत्राच्या रांगेत गेलं. बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन एसटीनं नागपूरला. कंडक्टर म्हणाला, मासे आहेत का?

बेसाल्ट
पॉलिंगचं अर्धं सांगितलंत. हिमोग्लोबिनच्या चुंबकीय गुणांवर त्याचं काम 1936 सालीच छापून आलं होतं. कॅसलचं वाक्य इतरांनीही ऐकलं असेल, पेटलं ते कोरड्या लाकडालाच. आधी लाकूड वाळू द्या.

पऱ्हाटीवाला
लाकूड वायेपर्यंत चूल उपाशी.

पूर्णाकाठचा
बेसाल्ट सर, खोली नको असं मी कुठं म्हटलं? रसायनवाल्यानं रसायनच करावं. पण त्याला मातीवाल्याचा फोन नंबर माहीत असावा की नाही? विद्यापीठात दोघांचे विभाग एकाच रस्त्यावर आहेत. मी जाऊन विचारलं तर एक म्हणाला, त्यांचं काही माहीत नाही बुवा, ते कृषीचं बघतात. गावात आल्यावर मात्र दोघांनी चहा माझ्याच घरी घेतला.

आणि 'तिसरं वर्ष' ताई, तुमचा त्रास खरा आहे. म्हणून मागणी कमी करतो. एकच प्रबंध नको. एकच वही द्या. विहिरीचा क्रमांक, घराचा क्रमांक, तारीख, पाण्याची पातळी. जो येईल त्यानं त्यात लिहायचं, वही ग्रामपंचायतीत राहील. गडचिरोलीत मेंढा-लेखाचे लोक अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा अभ्यास करतातच ना, त्यांना कोणी एमएस्सी विचारली नाही.

तिसरं वर्ष
वही चालेल. पण आईंचं रक्त 'अमुक घर' म्हणून चावडीवर नको. घराला सांकेतिक क्रमांक द्या आणि चावी उपकेंद्रात ठेवा. यासाठी तरी समाजशास्त्रवाला लागेल, सर.

बेसाल्ट
वहीला माझा विरोध नाही, ती विद्याशाखा नाही, ती शिस्त आहे. बोअर घेताना निघणारा गाळ दर तीन मीटरला वेगळ्या पिशवीत ठेवा, कोणत्या खोलीवर चिकणमाती आणि कोणत्या खोलीवर वाळू हे मी येऊन लिहून देईन. आणि बाटलीवर पेन्सिलीनं लिहायला सांगा. बॉलपेनची शाई ओल्या हातानं जाते, पेन्सिल जात नाही. मिसळीच्या पीएचडीबद्दल माझं मत आहे तेच आहे.

उपकेंद्र
चावी मी ठेवते. मात्र रिपोर्ट घरी पोचवल्याशिवाय पुढची सुई टोचू देणार नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पऱ्हाटीवाला
मी पूर्णाकाठच्याच गावचा हाय, त्याच्या शेजारचं वावर माह्यं. मले एक सांगा. त्या इहिरीचं पानी आमी पेतच नाई. थे गुरं पेतात अन् आंघोयीले घेतो. पेतो थे शहानूर धरनाचं नयाचं, थे आलं तं. नाई आलं तं आरोचं 20 लिटरचं कॅन इकत. त्याच्या बुढीनं फॉर्मवर तिन्ही खुना काहून केल्या म्हून? रक्त घेतलं मानसाचं अन् पानी घेतलं गुराचं. आता वहीत कोन्तं पानी लिहसान?