मदत हवी आहे: एकाच पत्त्यावर तीन व्यवसाय, गूगल मॅपवर सगळी सरमिसळ

नमस्कार. आम्ही सांगलीचे. घराच्या तळमजल्यावर रस्त्याला लागून सासऱ्यांची पिठाची गिरणी, शेजारच्या गाळ्यात सासूबाईंचं पोळीभाजी केंद्र आणि जिना चढून वर गेलं की माझ्या नवऱ्याचं करसल्लागाराचं ऑफिस. घर नंबर एकच. पाट्या, दारं आणि लाईट मीटर मात्र वेगळे. गिरणीतच मिरची कांडपाचं यंत्रही आहे.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने आम्हाला चार नोंदी करून दिल्या. कांडपाची चौथी. चारही ठिकाणी सासऱ्यांचा एकच मोबाइल नंबर, पत्ता तंतोतंत तोच, आणि प्रत्येक नावाला ‘सांगलीतील सर्वोत्तम’ वगैरे शेपूट. कुणाच्या ईमेलवरून केल्या हेही आम्ही तेव्हा विचारलं नाही. तो आता परगावी असतो, फोन उचलत नाही.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, केंद्र दीड महिना बंद होतं. तेव्हा कुणीतरी नकाशावर ‘कायमचे बंद’ असा बदल सुचवला आणि तो लागला. त्या उभ्या राहून पुन्हा रोज दोनशे पोळ्या लाटायला लागल्या, तरी नकाशावर केंद्र बंदच. हॉस्टेलची नवीन मुलं फोनवर बघूनच जेवण शोधतात, त्यांना आम्ही दिसतच नाही. जे फोन येतात ते गिरणीत वाजतात, आणि जातं चालू असताना सासऱ्यांना काही ऐकू येत नाही. अभिप्रायांचंही तसंच: ‘भाकरी गार मिळाली’ हे गिरणीखाली आणि ‘पीठ जाड आलं’ हे केंद्राखाली.

एकवीस वर्षं त्या बाईंनी स्वतःच्या नावावर हे केंद्र चालवलंय. गिरणीच्या नोंदीत एक ओळ म्हणून ते राहावं हे मला मान्य नाही. पण एका पत्त्यावर तीन नोंदी ठेवल्या तर सगळ्याच निलंबित होतात असं एकाने सांगितलं, त्यामुळे हात लावायचा धीर होत नाही. एप्रिलपासून चटणीचा हंगाम सुरू होईल, त्याआधी निस्तरायचं आहे. चुकीचं सगळं डिलीट करून नव्याने सुरू करू का? आणि पाट्या मराठीत, नोंदी इंग्रजीत, त्याचं काय?

प्रतिसाद १

ताई, आधी काहीही डिलीट करू नका. खात्यातून नोंद काढली तरी ती जागा नकाशावर राहू शकते, फक्त तुमचा ताबा जातो.

पत्ता एक असणं हा गुन्हा नाही. मालक वेगळा, पाटी वेगळी, फोन वेगळा, काम वेगळं असेल तर स्वतंत्र नोंद चालते. तुमच्या तिन्ही तशाच आहेत. कांडपाची मात्र चालणार नाही, कारण तो गिरणीचाच धंदा आहे. गिरणीच्या नोंदीला एक मुख्य आणि 9 जादा वर्ग (धंद्याचे प्रकार) लावता येतात, कांडप तिथे घाला. चौथी नोंद दुहेरी म्हणून कळवा आणि गूगलच्या सपोर्टकडून गिरणीच्या नोंदीत विलीन करून घ्या. तसं झालं तर तिच्यावरचे अभिप्रायही बहुधा सोबत येतील.

पहिलं काम मालकीचं. केंद्राच्या नोंदीवर ‘या व्यवसायाची मालकी’ असा पर्याय दिसेल, तिथून विनंती करा. त्या मुलाला ईमेल जाईल. 3 दिवसांत उत्तर आलं नाही तर बहुतेकदा स्वतःच पडताळणी करून ताबा घेता येतो. ताबा आला की ‘कायमचे बंद’ काढा. पुढे कधी महिनाभर थांबावं लागलं तर ‘तात्पुरते बंद’ आपण स्वतःच लावायचं.

पडताळणी सध्या बहुतेक व्हिडिओवर होते. न तोडता, एका दमात काढायचा: रस्ता, शेजारची ओळखीची खूण, पाटी, मग सासूबाई कुलूप उघडून आत जातात, तवा, पिठाचे डबे. लोकांचे चेहरे आणि बँकेचे कागद त्यात नकोत. नाव पाटीवर आहे तेच ठेवा, शेपूट काढा. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘गाळा 2, तळमजला’, ‘पहिला मजला’ असा फरक लिहा.

सगळे बदल एकाच दिवशी करू नका, पुन्हा पडताळणी मागतात. आणि शॉप ॲक्टची पावती, उद्यम प्रमाणपत्र, लाईट बिल प्रत्येकाचं वेगळं काढून फोनमध्ये ठेवा. नोंद निलंबित झालीच तर अपिलात पुरावे जोडायचा फॉर्म उघडल्यावर फक्त 60 मिनिटं मिळतात. माझ्या भावाने तेव्हा कागद शोधायला घेतले आणि वेळ संपली.

प्रतिसाद २

तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसबद्दल एक. त्याच इमारतीत किंवा अगदी शेजारी दुसरे करसल्लागार असतील तर एकाच वर्गातली एक नोंद शोधात झाकली जाते, नकाशा मोठा केला की दिसते. 2016 च्या सप्टेंबरपासून हे ठळक दिसू लागलं. नोंद गेली असं समजून नवीन काढू नका, तिथूनच दुहेरीचा घोळ सुरू होतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बरोबर समोरच दुसरे करसल्लागार आहेत, म्हणजे नवऱ्याचं ऑफिस शोधात का दिसत नाही, ते कोडंही सुटलं!

सासूबाईंच्या नावाने नवीन सिमकार्ड घेतलं. मालकीची विनंती सोमवारी पाठवली, उत्तर आलं नाही, शुक्रवारी पडताळणीचा पर्याय उघडला. व्हिडिओ दोनदा काढावा लागला, पहिल्यात पाटीवर ऊन पडून अक्षरं दिसत नव्हती. दुसरा सकाळी साडेसातला काढला. काल संध्याकाळी केंद्र ‘उघडे आहे’ असं दिसायला लागलं, नाव पाटीवरचंच, मराठीत. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

गिरणीला पुढच्या आठवड्यात हात घालते. एक शंका उरली: केंद्राखाली पडलेला ‘पीठ जाड आलं’ हा अभिप्राय विषयाबाहेरचा म्हणून कळवला आहे. तो निघाला नाही तर खाली ‘गिरणी शेजारच्या गाळ्यात आहे’ असं उत्तर लिहून ठेवू, की लिहिणाऱ्या काकांना घरी जाऊन सांगू? ते आमच्याच गल्लीत राहतात.